एक गोळी दहा किलोला

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेली माझी मेहुणी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. फ्रिजशेजारच्या भिंतीवरचं कालनिर्णय ती वाचत उभी होती. छापील चतुर्थ्या-एकादश्यांच्या खाली माझ्या सुवाच्य बँकी अक्षरात, लाल शाईने लिहिलेलं होतं : ‘१९ – जंत. २२ – गोचीड. २४ – नखं कापणे. २७ – रेबीज.’ बाहेर आल्यावर तिने मुकाट्याने वाण घेतलं, तीळगूळ घेतला, आणि चपला घालता घालता बहिणीला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, ‘‘भावोजींना हे कधीपासून?’’

खुलासा करायला हवा. आमच्या घरी कुत्रा आहे. तो मुलीने आणला आणि मग मुलगी नोकरीला बंगळूरला गेली. हल्ली पुण्यात घरोघरी हाच क्रम दिसतो. पूर्वी मुलं गेल्यावर मागे कॅरम उरायचा, आता कुत्रा उरतो. कुत्रा गावठी. मुलीच्या भाषेत ‘इंडी’. रंग चहाचा, वजन वीस किलो, एक कान उभा आणि दुसरा विचारात पडलेला. नाव ब्रूनो. बायको त्याला ‘बाळा’ म्हणते, कामाला येणाऱ्या मावशी ‘बरनॉल’ म्हणतात, आणि हातात पोळी असेल तर तो तिन्ही नावांना येतो. हातात पोळी नसेल तर चौथं नाव शोधावं लागतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जाताना मुलीने मला एक हिरवी पुस्तिका दिली. लहानपणच्या लसी, दर पंधरा दिवसांनी दिलेली जंतांची औषधं, सगळ्याच्या नोंदी, सह्या, शिक्के. ‘‘बाबा, आता तुझ्याकडे फार काही नाही. वर्षातून एकदा लसी, तीन महिन्यांनी जंतांची गोळी, महिन्याला गोचीडांचं औषध. जमेल ना?’’ मी बँकेत चौतीस वर्षं काढली. माझ्या टेबलावरून कुणाचा हप्ता चुकला नाही. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

आता १९ तारीख. डॉक्टरांनी दोन गोळ्या सांगितल्या होत्या, दहा किलोला एक या हिशेबाने. गोळी नुसती दिली तर ब्रूनो ती तोंडात धरून घरभर फिरतो आणि शेवटी माझ्या उशीवर ठेवतो. म्हणून मी पोळीला तूप लावलं, गूळ किसून घातला, पहिली गोळी मधोमध ठेवून सुबक गुंडाळी केली आणि ताटली ओट्यावर ठेवली. तेवढ्यात मुलीचा फोन आला. फोनवर बोलताना हात मोकळा असला की तो काहीतरी उचलतोच. मी तिला सांगत होतो, ‘‘अगदी वेळच्या वेळी चाललंय सगळं,’’ आणि दाताखाली काहीतरी कडक आलं. मला वाटलं, गुळाचा खडा.

घाबरून मी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. तिशीतल्या आहेत, मला काका म्हणतात. त्या क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘काका, तुमच्या फॅमिली डॉक्टरांनाही कळवा, पण काळजीचं काही वाटत नाही. तुमचं वजन किती?’’

‘‘ब्याऐंशी.’’

‘‘मग उपयोगही व्हायचा नाही. एक गोळी दहा किलोला असते.’’

आमचे फॅमिली डॉक्टर चाळीस वर्षांच्या ओळखीचे. ते काही बोललेच नाहीत, फक्त हसत राहिले, आणि फोन त्यांनी हसता हसताच ठेवला.

२७ तारखेला रेबीजची लस. ब्रूनोला रिक्षात बसायला आवडतं, त्यामुळे दवाखान्यापर्यंत सगळं सुरळीत. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई पांढरं शुभ्र पॉमेरेनियन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ‘‘काही करत नाही हो तो,’’ त्या म्हणाल्या. हे वाक्य कुणी म्हणालं की माणसाने उठून उभं राहावं. मी बसून राहिलो. ते पांढरं लोकरीचं गुंडाळं मांडीवरून घरंगळलं आणि त्याने माझी पोटरी पकडली.

त्याच्या लसीची पुस्तिका ‘‘आहे घरात कुठेतरी,’’ असं त्या बाई म्हणाल्या. डॉक्टर बाहेर आल्या आणि माझं चाचपणं, फुंकर मारणं, हळद आहे का विचारणं हे सगळं मध्येच तोडून त्यांनी मला नळाकडे पिटाळलं. ‘‘साबण लावा, पाणी वाहतं ठेवा, पूर्ण पंधरा मिनिटं. मग थेट सरकारी दवाखान्यात.’’ एक पाय बेसिनमध्ये आणि एक हात भिंतीला असा मी पंधरा मिनिटं उभा होतो. ब्रूनोची सुई दोन सेकंदांत झाली. त्याला बिस्किट मिळालं. मला कुणी विचारलं नाही.

सरकारी दवाखान्यात गर्दी होती. माझी पाळी आली तेव्हा सिस्टरनी विचारलं, ‘‘कुत्रा घरचाच?’’

‘‘नाही. घरच्या कुत्र्याला रेबीजची लस द्यायला नेलं होतं. तिथे दुसऱ्याचा चावला.’’

त्यांनी लिहिता लिहिता हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा लिहायला घेतलं. रेबीज एकदा अंगात उमटला की जगातला कुठलाही डॉक्टर हात टेकतो, म्हणून या सुयांत चालढकल नाही. पहिला दिवस, मग तो शून्य धरून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. दर वेळी दोन्ही दंडांवर कातडीत एकेक. म्हणजे कुत्र्याला वर्षातून एक आणि मालकाला महिन्यात आठ. घरी येऊन मी त्याच लाल शाईने कॅलेंडरवर लिहिलं : ‘३० – रेबीज (मी). ३ फेब्रु. – रेबीज (मी). २४ फेब्रु. – रेबीज (मी).’ मेहुणी म्हणाली त्यात आता तथ्य होतं.

एप्रिल आला. निवृत्त माणसाची सकाळ आरामात सुरू होते, म्हणून आम्ही फिरायला निघायचो अकराला. ब्रूनो हल्ली रस्त्यावर एक एक पाय उचलून चालायचा. मी कौतुकाने सोसायटीत सांगायचो, नाचतो बघा कसा. एक दिवस कोपऱ्यावरचा नारळपाणीवाला म्हणाला, ‘‘काका, जरा चप्पल काढून उभे राहा की.’’ मी काढली. डांबरावर मी मोजून तीन सेकंद उभा राहिलो आणि मग मीही नाचलो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकत अंगातली उष्णता घालवतो, आणि थोडाफार घाम येतो तो नेमका त्या पंजांच्या गाद्यांना, ज्या मी रोज अकरा वाजता तव्यावर ठेवत होतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही साडेपाचला निघू लागलो. त्याच्या अंगावरचे केस उन्हाळ्यापुरते सफाचट करून घ्यावेत असाही माझा बेत होता, न्हाव्याशी बोलणीही झाली होती. डॉक्टरांनी तो वेळीच हाणून पाडला. तेच केस उन्हापासूनही राखतात म्हणे.

मे महिन्यातलं प्रकरण मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितोय कारण आता ते लपवण्यात अर्थ उरलेला नाही.

पुतण्याने देवगडहून हापूसची पेटी पाठवली होती. मला मधुमेह. माझ्या वाट्याला रोज एक फोड, तीही बायकोच्या नजरेसमोर. त्या रात्री आमरस झाला. जेवणं उरकल्यावर मी कचरा बाहेर ठेवायला निघालो, आणि बँकेतल्या माणसाची खोड, कोयी मोजल्या. पेटीतले आंबे सहा कमी झालेले. कोयी पाच.

मेळ बसेना. कचऱ्याच्या डब्याशेजारी ब्रूनो मिटक्या मारत बसलेला.

‘‘अगं, याने कोय गिळली!’’ मी ओरडलो. कुत्र्याने कोय गिळली तर ती आतड्यात अडकते, कधी पोट फाडूनच काढावी लागते, हे मी वाचलेलं होतं. रात्री साडेदहाला आम्ही तिघं रिक्षात. बायको वाटभर रामरक्षा म्हणत होती. डॉक्टरांनी पोट चाचपलं, म्हणाल्या, एक्स-रेत कोय नीट दिसेलच असं नाही, सोनोग्राफी करू. ब्रूनोला टेबलावर आडवा केला, पोटावरचे केस यंत्राने काढले, गार जेली लावली. तो माझ्याकडे बघत होता. पडद्यावर करड्या ढगांसारखं काहीतरी सरकत होतं.

आणि तेव्हा मला आठवलं.

सहावा आंबा मी खाल्ला होता. दुपारी दोनला, बायको झोपलेली असताना, ओट्याशी उभ्या उभ्या, कोपरापर्यंत रस ओघळवत. आणि कोय गॅलरीतल्या कुंडीत मातीखाली पुरली होती.

माणसाचा कस अशा वेळी लागतो. मला एवढंच म्हणायचं होतं, ‘‘डॉक्टर, थांबा.’’ पण शेजारी बायको उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझी जेवणानंतरची साखर गेल्याच आठवड्यात दोनशे चाळीस आली होती. मी डॉक्टरांना म्हणालो, ‘‘तिकडे डावीकडे काही दिसतंय का?’’

काही दिसलं नाही. तरी दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाल्या. उलटी, जेवण बंद, शी न होणं यातलं काहीही झालं की लगेच या. बिल मी भरलं, पावती घडी घालून पाकिटात आत ठेवली. पुढचे दोन दिवस मी सोसायटीच्या बागेत हातात काटकी घेऊन ब्रूनोच्या मागे फिरलो आणि तो जे टाकेल ते चिवडून पाहिलं. माझ्याच पोटात जिरलेल्या आंब्याचा पुरावा मी कुत्र्याच्या पोटातून शोधत होतो, आणि गॅलरीतून बायको मान डोलावत होती. जावयाचंही इतकं कुणी करत नाही, असं ती शेजारी म्हणाल्याचं मला नंतर कळलं.

जूनमध्ये पाऊस पडला आणि गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत एक तांबूस, चकचकीत पानांचं रोप वर आलं. बायकोने ते मला बोलावून दाखवलं. आम्ही दोघं बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे होतो. ब्रूनोही आला. त्याच्या पोटावरचे केस अजून पुरते उगवले नव्हते.

‘‘देवगडचा दिसतो,’’ एवढंच ती म्हणाली. त्या संध्याकाळपासून कॅलेंडरच्या पेनाला दोरा बांधून तो तिने स्वतःच्या बाजूच्या खिळ्याला अडकवला.

तरीही सोसायटीत माझी पत होती. पहाटे साडेपाचला कुत्रा फिरवणारा, त्याची शी तपासणारा माणूस म्हटल्यावर लोक सल्ला विचारायला येणारच. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मांजरीला बरं नव्हतं, अंग तापलेलं, खात नव्हती. जिन्यात भेटल्या. मी भारदस्तपणे म्हणालो, ‘‘पॅरासिटामॉल द्या. लहान जीव आहे, अर्धीच द्या.’’ वर येऊन गोचीडाचं औषध मागवायला डॉक्टरांना फोन केला आणि बोलता बोलता आपल्या सेवेचा हा तपशीलही त्यांच्या कानावर घातला.

पलीकडचा आवाज एकदम बदलला. ‘‘काका, फोन ठेवा आणि आत्ता खाली जा. मांजराचं यकृत ते औषध पचवू शकत नाही. अर्ध्या गोळीनं ती मरेल.’’

मी अनवाणी तीन जिने उतरलो. वहिनी वाटीत दूध घेऊन चमच्याने गोळी चुरत होत्या. मी वाटी हिसकावून घेतली आणि मोरीत ओतली. मांजर टेबलाखालून माझ्याकडे बघत होती. मी तिथेच फरशीवर बसलो, मला लगेच उठता येईना. वहिनींनी मला पाणी दिलं आणि मग मांजरीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. तिच्या दाताच्या मुळाशी पू झाला होता. आता ती बरी आहे. मी मात्र त्या मजल्यावर आलो की पाय न वाजवता जातो.

त्यानंतर तरी मी गप्प बसायला हवं होतं. जुलैत मी थर्मामीटर आणला. कुत्र्याचा ताप कुठून मोजतात ते सांगत बसत नाही. ब्रूनोलाही ते आवडलेलं नाही. अडचण एवढीच, की आमच्या घरातला जुना थर्मामीटर आणि हा नवा दोन्ही पांढरे, दोन्हींची टोपी निळी. ‘‘यातला तोंडातला कुठला?’’ असं बायकोने एकदाच विचारलं, आणि मी दोन्ही टाकून दोन वेगळ्या रंगांचे आणले. एका रात्री अडीचला ब्रूनो मला गरम लागला. मोजला, १०१.८. मी त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, त्या त्याने खाल्ल्या, आणि मी डॉक्टरांना झोपेतून उठवलं.

‘‘काका,’’ त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या सहनशीलतेला माझा नमस्कार, ‘‘कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम. १०१ ते १०२.५ हे त्याचं नेहमीचं. झोपा तुम्ही.’’

हे ज्ञान मी जपून ठेवलं. नको तेवढं जपलं.

ऑगस्टच्या अखेरीस ब्रूनो मलूल झाला. पोळी हुंगून बाजूला सरायचा. फिरायला नेलं की कोपऱ्यावर बसून घ्यायचा. बायको म्हणाली, ‘‘अहो, अंग भाजतंय त्याचं.’’ मी मोजला, १०३.६ होता. मी तिला समजावून सांगितलं, कुत्र्याचं जास्तच असतं, परवाच कळलंय मला, उगाच मध्यरात्री लोकांना उठवायचं नाही. दोन दिवस मी हे समजावत राहिलो. तिसऱ्या सकाळी तिने त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, त्या पांढुरक्या पडल्या होत्या. तिने मला हाक मारली नाही. वीस किलोचा कुत्रा उचलून ती एकटी जिना उतरली आणि रिक्षा थांबवली. मी चप्पल शोधत मागून धावलो.

डॉक्टरांनी कानामागचे केस बाजूला केले. गोचीड होते. बोटांच्या बेचक्यांतही होते, मसुराएवढे, फुगलेले. रक्त तपासलं. दोन लाखांच्या वर असायला हव्यात त्या प्लेटलेट्स बेचाळीस हजार. गोचीडताप.

‘‘गोचीडाचं औषध कधी दिलं होतं?’’

बायकोने माझ्याकडे पाहिलं. जूनमध्ये दिलं होतं. जुलैचं मागवलं ते कपाटातच राहिलं, कारण माझा असा सिद्धान्त होता, की एवढ्या पावसात गोचीड वाहून जात असतील. जात नाहीत. दमट हवा त्यांना मानवते. कुत्र्याच्या अंगावर ते पोट भरण्यापुरते येतात आणि बाकी वेळ भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, कुंडीखाली राहतात. एक मादी हजारांनी अंडी घालते. जुलै महिन्याच्या पानावर लाल शाईत ‘२२ – गोचीड’ लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात. चौतीस वर्षांत मी एवढा एक हप्ता बुडवला.

डॉक्टर मला काही बोलल्या नाहीत, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सलाइन लावलं, अठ्ठावीस दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या लिहून दिल्या, उपाशीपोटी द्यायच्या नाहीत म्हणाल्या. मी उत्साहाने म्हणालो, ‘‘शिऱ्यातून देतो ना! वर बेदाणे पेरले की त्याला कळतही नाही.’’ त्यांचं पेन थांबलं. बेदाण्यांनी, द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. कांदा, लसूण, चॉकलेट हेही त्याच रांगेत. बायकोने पर्समधून कागद काढून लिहून घेतलं. तो कागद आता फ्रिजवर आहे आणि त्याच्या तळाशी वेगळ्या शाईत लिहिलंय : ‘ह्यांना विचारू नये.’

चौथ्या दिवशी ब्रूनोने दहीभाताचा एक घास घेतला. तो माझ्या हातून घेतला, याचं मला आजही नवल वाटतं. त्या महिन्यात आम्ही घराच्या फटी बुजवल्या, गाद्या उन्हात टाकल्या, गणपती आले नि गेले. रोज रात्री बायको कॅलेंडरवर एक फुली मारायची. अठ्ठाविसाव्या फुलीला प्लेटलेट्स दोन लाख ऐंशी हजार झाल्या होत्या, आणि माझ्या उशीवर पुन्हा एकदा अर्धी चघळलेली गोळी सापडली.

दिवाळी मी मनावर घेतली. फटाक्यांनी कुत्री बिथरतात, दार उघडं सापडलं तर पळत सुटतात आणि परतीची वाट विसरतात, म्हणून गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पट्टी बसवली. बायकोचा नंबर, तसा ठराव झाला होता. बाथरूमला रस्त्याकडची खिडकी नाही, म्हणून तिथे त्याची गादी, पाण्याचं भांडं, रेडिओवर भीमपलास की काहीतरी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अंधार पडायच्या आत फिरवून आणला, दारं-पडदे बंद केले. पहिला सुतळी बॉम्ब फुटला आणि ब्रूनो माझ्या चोख व्यवस्थेवरून उडी मारून थेट पलंगाखाली गेला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याने निवडलेली जागा हीच त्याची जागा, ओढून काढू नका. मी ओढलं नाही. मी वाकून पाहिलं. अगदी भिंतीला टेकून तो थरथरत होता, आणि दातांचा आवाज बाहेर येत होता. मी पोटावर झोपलो आणि सरकत सरकत आत गेलो. ब्याऐंशी किलोचा माणूस दिवाणाखाली खांद्यापर्यंत जातो, पुढे पोट येतं. माझा हात त्याच्या पाठीवर पोचला. तो जवळ आला, नाक माझ्या काखेत खुपसलं. बाहेर माळ लागली, ती पाचेक मिनिटं वाजत होती. तेवढ्यात मला कळलं, की मला मागे येता येत नाही.

बाहेर पूजेला माणसं आली होती. लाह्या-बत्ताशांची ताटं फिरत होती, मला आवाज येत होते. मग खोलीचं दार उघडलं, पैठणीचा काठ आणि दोन पैंजण दिसले. पैंजण दिवाणापाशी, माझ्या बाहेर राहिलेल्या तळव्यांशी येऊन थबकले.

‘‘ताई,’’ मेहुणीचा आवाज आला, ‘‘भावोजी...’’

‘‘असू दे,’’ बायको म्हणाली. एक बशी जमिनीवरून सरकत आत आली. त्यात बिनबेदाण्याचा चिवडा होता, दोघांना पुरेल एवढा. ‘‘जानेवारीपासून असंच आहे.’’